शिळे पाणी

प्रश्न : आमच्याकडे रोज सकाळी नळाला पाणी आले की, आदल्या दिवशी भरलेला माठ आणि दोन हंडे ‘पाणी शिळे झाले’ म्हणून मोरीत उपडे केले जातात. मला ते पाहवत नाही; पण बोलले, तर सासूबाई मला चिक्कू म्हणतात. माझे चुकते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे चुकत नाही. पुण्याच्या नळाला येणारे पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत पावसाळ्यात साठते आणि तेच आपण थेट मे महिन्यापर्यंत पितो. तेव्हा महिनोन्‌महिने धरणात राहिलेले पाणी हंड्यात एका रात्रीत शिळे होते, हे पटण्यासारखे नाही. सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकेच, की साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन हळूहळू उडून जाते आणि मग उघड्या हंड्यात ज्याने-त्याने बुडवलेला पेला, त्याबरोबर बुडालेली बोटे, यांनी ते खरोखरच दूषित होऊ शकते. त्यावर उपाय झाकणाचा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याचा आहे, मोरीचा नाही. डेंग्यूच्या डासांसाठी म्हणून भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीतच. त्या दिवशीचे उरलेले पाणीही कपडे भिजवायला किंवा कुंड्यांना चालते. सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी तुळशीला पाणी घालण्याचा तांब्या त्याच हंड्यातून भरून त्यांच्या हाती देऊन पाहा. तुळशीला चालते म्हटल्यावर त्यांचा विरोध बहुधा निम्म्यावर येईल.