आधी वाटा ठरवा

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अटलांटात तू आणि तुझी घानाची मैत्रीण जोलोफ भात (पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा मसालेदार भात), गम्बो (दक्षिण अमेरिकन संस्थानांतलं दाट कालवण), चवळी-भात विकणार, हे वाचून फार बरं वाटलं. पदार्थांवर तू तीन पानं लिहिलीस, भागीदारीवर मात्र एकच ओळ. म्हणून आधी तेच.

जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल नीट वाच. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांना आणि त्यांना वेगळं बसवणाऱ्या बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. तेवढे दिवस माणसं कामावर पोचवायची तर गाड्या हव्यात, पेट्रोल हवं, पैसा हवा. खाणावळीत स्वयंपाक करणाऱ्या गिलमोरबाईंनी ओळखीच्या बायका जमवल्या. घरोघरी चिकन तळायचं, केक भाजायचे, विकायचे आणि पैसे चळवळीला द्यायचे. घेणाऱ्यांत गोरेही असत. यातल्या कितीतरी जणी गोऱ्यांच्याच घरी कामाला; नाव फुटलं तर चूल विझणार. म्हणून मंडळाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसा कुठून आला? कुठूनच नाही! सभेत बाई जमलेली रक्कम जाहीर करत, नावं कुणाचीच नाहीत. बहिष्कारात पुढे असल्यामुळे त्यांची स्वतःची नोकरी गेली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना घरीच धंदा सुरू करायला मदत केली. मग त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चळवळीच्या बैठका होऊ लागल्या.

नाव लपवणं ही त्या बायकांची गरज होती. तुमच्या दुकानात ती गरज नाही. मग ज्यांच्या हाताची चव विकणार, त्यांची नावं पाटीवर आणि कागदावर यायलाच हवीत.

चवळी, ज्वारी, बाजरी मूळची आफ्रिकेतली, आणि गम्बो हा शब्दही तिकडच्या भेंडीच्या नावावरून आलेला. त्यामुळे हे जेवण तुला घरचं वाटेल, वाटू दे. पण अमेरिकेत ते गुलामांच्या व्यापारातून पोचलं आणि राबणाऱ्या हातांनी टिकवलं. त्यात तू पाहुणी आहेस, मैत्रीण घरची.

माझ्या पोळी-भाजी केंद्रात बारा वर्षं मी बायकांना रोजावर ठेवलं. गिऱ्हाईक त्यांच्या पोळ्यांसाठी यायचं, नफा माझा व्हायचा. त्यातली सगळ्यात चांगली बाई सोडून गेली तेव्हा मी तिला कृतघ्न म्हटलं. ते आजही सलतं.

मेन्यू नंतर बघू. करारनाम्याचा मसुदा पाठव. मैत्रिणीचा निम्मा हिस्सा त्यात असेलच. जोलोफ शिकवणाऱ्या तिच्या आत्याला नफ्यातले किती टक्के, तोही आकडा घालूनच पाठव.

तुझी,
काकू