घरघर पंख्याचीच आहे का, हे आधी ठरवा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लॅपटॉप तीन वर्षांचा, सकाळी चालू केला की पहिली काही मिनिटं घरघर, मग आवाज बराच उतरतो. मांडीवर घेऊन जरा तिरका केला की एकदम गप्प, टेबलावर सपाट ठेवला की पुन्हा सुरू. लॅपटॉप फार तापत नाही, कामही नीट चालतं. आणि दुकानदार म्हणतोय की पेस्ट बदलून पूर्ण सर्व्हिसिंग करावं लागेल.

या वर्णनावरून पंख्याचं बेअरिंग झिजलंय असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. तसं असेल तर पेस्ट बदलून हा आवाज जाणार नाही. पेस्ट प्रोसेसर आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) मध्ये असते, तिचा संबंध तापमानाशी. ती सुकली की पंखा जास्त वेगाने फिरेल, वाऱ्याचा आवाज वाढेल, पण घरघर येणार नाही.

लॅपटॉपच्या बहुतेक पंख्यांत बॉल बेअरिंग नसतं. एक बारीक पोलादी दांडी धातूच्या छोट्या नळीत, तेलाच्या पातळ थरावर फिरते. तेल एक थेंबभरसुद्धा नसतं. बाजूलाच गरम हीटसिंक, त्यामुळे ते वर्षानुवर्षं सुकत आणि चिकट होत जातं. मग दांडी नळीला घासते, फट वाढते आणि पाती डुगडुगायला लागतात. सकाळी सगळं थंड असतं तेव्हा उरलेलं तेल घट्ट, म्हणून आवाज जास्त. गरम झालं की ते सैल होतं आणि आवाज उतरतो. तिरका धरला की पात्यांचा भार नळीच्या दुसऱ्या बाजूला जातो, घासणारी जागा बदलते. तुमच्या दोन्ही खुणा इथे चपखल बसतात.

तरी खात्री करून घ्या. घरातला पंखा, कूलर बंद करा, कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं लॅपटॉपच्या खालच्या जाळीजवळ धरा. आवाज नेमका कुठून येतोय ते कळतं. मग प्रोसेसरला काम द्या, म्हणजे ब्राउझरमध्ये भरपूर टॅब आणि एखादा मोठा व्हिडिओ. पंख्याचा वेग वाढत जाताना घरघरही त्याच चालीने वाढली, वेग उतरल्यावर उतरली, तर ती पंख्याचीच. एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच मॉडेलांचा पंख्याचा वेग आकड्यांत दिसतो. तुमच्यात दिसत नसेल तर चालू करतानाचं डायग्नॉस्टिक्स, म्हणजे लॅपटॉपची स्वतःची तपासणी, वापरा: डेलमध्ये एफ१२ दाबून येणाऱ्या यादीत, एचपीमध्ये एफ२. तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे निकाल स्वच्छ मिळतो. एचपीवर चालू होतानाच ९०बी हा आकडा आला किंवा लेनोवोच्या थिंकपॅडवर फॅन एरर दिसला, तर पंखा नीट फिरतच नाहीये. तेव्हा लॅपटॉप वापरणं थांबवायचं.

आवाज पंख्याचा नाही असं निघालं तर दोन गोष्टी आधी बघा, कारण त्यात उशीर परवडत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि ठराविक अंतराने टक्-टक् येत असेल, तर ताबडतोब महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे काढा. बाकी सगळं नंतर. दुसरी गोष्ट बॅटरी. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, टचपॅड वर आलाय किंवा क्लिक होत नाही, खालचं कव्हर फुगलंय, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. तिच्या दाबाने पंख्याचं आवरण पात्यांना टेकू शकतं आणि आवाज हुबेहूब पंख्याचाच वाटतो. चार्जिंग बंद करा, ती स्वतः उचकटू नका, टोचू नका.

राहिली बारीक किणकिणणारी शीळ, जी पान वर-खाली सरकवताना किंवा गेम सुरू केल्यावर क्षणात बदलते. ती मदरबोर्डवरच्या (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची. पंख्याला वेग पकडायला थोडा वेळ लागतो, कॉइलला लागत नाही, हाच फरक. कानाला त्रास होतो, मशीनला धोका नसतो.

आता धूळ. पंखा खराब नसतो, पण सतत सुसाट फिरतो आणि मागच्या झरोक्यातून येणारी हवा मात्र दुबळी असते, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के गुन्हेगार धूळच. ती पात्यांवर दिसते त्यापेक्षा जास्त आत दडलेली असते. पंख्याचं झाकण काढलं की पाती आणि हीटसिंकची जाळी यांच्यामध्ये राखाडी, दाबून बसलेली पट्टी सापडते, अगदी जाड नमद्यासारखी. चिमट्याने एक टोक धरलं की बहुतेक वेळा अख्खी निघते: केस, गादीचा कापूस, चादरीचे तंतू, सगळं एकात एक विणलेलं. बाहेरून ब्लोअर मारल्याने ही पट्टी निघत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसते. म्हणून सफाई करून घ्याल तेव्हा पंखा उघडून करणार का, हे दुकानात आधीच विचारा. ब्लोअर मारताना पाती बोटाने किंवा काडीने अडवलेली हवीत. मोकळी सोडली तर हवेच्या झोताने भलत्याच वेगाने फिरतात आणि धडधाकट बेअरिंगसुद्धा बिघडू शकतं. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ यांनी धूळ चिकट होते, त्यामुळे देवघराजवळ किंवा स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवणाऱ्यांना ही सफाई लवकर करावी लागते. तुम्ही नागपूरचे आहात म्हणून आणखी एक: वाळ्याच्या कूलरसमोर लॅपटॉप ठेवू नका, ओली हवा थेट आत ओढली जाते. आणि मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असेल तर पंखा जोरात फिरणारच, तो बिघाड नव्हे.

तुमच्याकडे परत येतो. झिजलेल्या बेअरिंगवर खरा उपाय पंखा बदलणं. तेल घालण्याचा उपाय लोक सांगतात, त्याने गुण येतोही, पण तो तात्पुरता असतो, कारण झिजलेली नळी तेलाने भरून येत नाही. नवा पंखा येईपर्यंत निभवायचं असेल तर शिवणयंत्राचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा स्प्रे तर अजिबात नको. तो उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि काही दिवसांत आवाज आधीपेक्षा वाढतो.

पंखा मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्डाप्रमाणे वेगवेगळे पंखे असतात, आणि दोन पंखे असतील तर डावा-उजवा एक नसतो. खालचं कव्हर उघडून पंख्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर टिपा, कनेक्टरच्या पिना मोजा, वायरची लांबी बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कुणी जाणार असेल तर जुना पंखाच सोबत द्या.

एका बाबतीत दुकानदार बरोबर असू शकतो, तेही सांगायला हवं. काही मॉडेलांत पंखा आणि हीटसिंक एकत्र जोडलेले येतात. तिथे पंखा काढायचा तर हीटसिंक उचलावा लागतो, आणि एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावणं भागच असतं. त्यामुळे त्याला सरळ विचारा: माझ्या मॉडेलचा पंखा सुटा निघतो का? निघत असेल तर पंख्याचा आणि मजुरीचा दर वेगळा सांगा म्हणावं.

स्वतः करणार असाल तर आधी वॉरंटी तपासा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसता स्लीपमध्ये नको; चार्जर काढा, आणि कव्हर उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू निघतील तसे कागदावर त्यांच्या जागेनुसार मांडा, कारण लांबी सारखी नसते आणि आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला तर वरचं कव्हर फुटतं किंवा बोर्ड जातो. पंख्याचा कनेक्टर वायर धरून ओढू नका, बाजूंनी नखाने थोडा थोडा सरकवा.

सॉफ्टवेअरने पंख्याचा वेग कमी करून घरघर दाबायचा मोह टाळा. आवाज थांबेल, पण बेअरिंग झिजलेलंच राहील आणि उष्णता आतच कोंडेल.

नवा पंखा बसवताना त्याची वायर खाचेतूनच फिरवा. ती बाहेर राहिली तर पात्यांना लागून टर्र असा आवाज येतो आणि नवा पंखाही खराब निघाला असं वाटतं. तसं ऐकू आलं तर लगेच बंद करून वायर बघा. जुन्या पंख्याच्या स्टिकरचा आणि कनेक्टरचा फोटो इथे टाका, मागवण्याआधी जुळतोय का ते बघून सांगतो.