साखरपुड्याआधी सांग, पण फुटाळ्यावर नको

अगं, आईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू अन् मज्जारज्जूचा आजार) आहे हे होणाऱ्या नवऱ्याला कितव्या भेटीत सांगायचं, यात अडकू नकोस. साखरपुड्याआधी सांग म्हणजे झालं. फक्त फुटाळा तलावावर नको बाप्पा! मी तिथंच सुरुवात केली अन् कणीसवाला मध्ये तीनदा आला. घरी बसून सांग. "आईला एमएस आहे" एवढ्यावर थांबलीस, तर तो रात्री मोबाईलवर भलतंच वाचत बसेल. आई किंवा वडिलांना असला तर मुलांना होण्याची शक्यता साधारण 2 ते 3 टक्के. एकसारख्या जुळ्यांत एकाला असला, तर दुसऱ्यालाही 25 टक्क्यांच्या आसपास. मे महिन्यातल्या उकाड्यानं आईचे पाय का जड होतात, कूलरसमोर ती मानेवर ओला नॅपकिन का ठेवते, तेही दाखव त्याला. सासूबाईंना कोण सांगणार, ते आधीच ठरवा. माझ्या नवऱ्यानं परस्पर सांगून टाकलं. आठवडाभर बोलले नाही मी.