अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये काडतुसं रीलोड करायला मजबूत वर्कबेंच कसा बनवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की टेक्सासच्या घरात रीलोडिंगसाठी, म्हणजे वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी, सिंगल-स्टेज प्रेस (एका ओढीत एकच काम करणारं दांड्याचं यंत्र) आणलाय, पण दांडा ओढला की दुकानातून आणलेलं टेबल हलतं, तर लाकूड किती जाड घ्यावं? मीही याच राज्यात राहतो आणि माझा बेंच स्वतः बांधलाय. माझं मत स्पष्ट आहे: जाडी नंतर बघा, आधी टेबल भिंतीला बांधा.

पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या साच्यात, घालताना आपण दांडा खाली ओढतो, तेव्हा टेबलाची पुढची कड दबते आणि मागची उचलायला बघते. पुंगळी बाहेर काढताना याच्या बरोबर उलट. नुसतं वजन वाढवून हे डुगडुगणं पूर्ण जात नाही. म्हणून मागची आडवी फळी भिंतीतल्या लाकडी स्टडमध्ये (आतल्या उभ्या वाशांत) 3/8 इंची लॅग स्क्रूने (पान्याने पिळायच्या जाड स्क्रूने) पक्की करा. स्टड साधारण 16 इंचांवर असतात. शोधून, आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू पिळा. नुसत्या ड्रायवॉलमध्ये (भिंतीवरच्या जिप्समच्या फळीत) मारलेला स्क्रू चार दिवसांत सुटेल. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा. नाहीच म्हणाला तर खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवा, बराच फरक पडतो.

पायांना फोर बाय फोर, चौकटीला टू बाय फोर पुरे. माप काढताना लक्षात ठेवा, टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच भरतो. वर पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर, मध्ये सुताराचा गोंद. पुढचा एक पाय प्रेसच्या शक्य तितका जवळ घ्या आणि पृष्ठभाग चौकटीच्या बाहेर एक-दीड इंचापेक्षा जास्त काढू नका, नाहीतर तेवढाच भाग लवत राहतो. प्रेसला लाकडी स्क्रू अजिबात नकोत. आरपार बोल्ट, खाली स्टीलची पट्टी किंवा रुंद वॉशर, मग नट. प्रेसची जागा आधीच आखून घ्या, म्हणजे बोल्ट नेमका चौकटीच्या लाकडावर येणार नाही आणि खालून पाना फिरवायला जागा राहील.

गॅरेजच्या फरशीला बहुधा दाराकडे उतार असतो, त्यामुळे पायांखाली फिरवून उंची बदलणारे लेव्हलर लावा.

बंदुकीची दारू मोजायचा काटा या बेंचवर ठेवू नका. त्याला भिंतीवर वेगळी फळी द्या, पंखा-एसीच्या झोतापासून दूर. मोजमापात चूक परवडणारी नाही.

जागा निवडताना वॉटर हीटर कुठे आहे ते आधी बघा. इथे तो पुष्कळदा गॅरेजमध्येच असतो, गॅसचा असेल तर त्यात ज्योत असते. बेंच आणि दारू दोन्ही त्याच्यापासून लांब हवेत. दारू मूळ डब्यातच ठेवायची, आणि बेंचवर एका वेळी एकाच प्रकारचा डबा. पृष्ठभाग फिकट रंगाचा आणि ओल्या फडक्याने पुसता येईल असा करा: सांडलेले दाणे लगेच दिसतात आणि प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीतल्या) शिशाची धूळ पुसून निघते. तिथे चहा-खाणं नको, मुलांना तर फिरकूच देऊ नका.

आणि भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: तिकडे परवान्याशिवाय घरी काडतुसं बनवणं शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे गुन्हा आहे. बेंच मात्र सुतारकामाला असाच्या असा बांधता येईल. प्रेसच्या जागी शेगडा (व्हाइस) लावा.