ओणमात दिव्याभोवती फेर धरून स्त्रिया जे नृत्य करतात, ते आपल्या मंगळागौरीसारखेच आहे का?

आपण ज्या नृत्याविषयी विचारले आहे, ते केरळातले तिरुवातिराकळी. टाळ्यांच्या ठेक्यावर चालते म्हणून त्याला कैकोट्टिकळी असेही म्हणतात. ओणमात ते सर्रास दिसत असले, तरी त्याचा मूळ दिवस वेगळा आहे. मल्याळी धनु महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आर्द्रा (मल्याळीत तिरुवातिरा) नक्षत्राचा दिवस शंकराचा जन्मदिवस मानला जातो आणि त्या सुमारास रात्री जागवण्यासाठी स्त्रिया हा फेर धरतात. सुवासिनी पतीच्या आयुष्यासाठी आणि कुमारिका चांगल्या वरासाठी व्रत करतात. उपासाला भात चालत नाही, म्हणून भाजलेल्या कंदांत गूळ घालून केलेली एट्टंगाडी खातात. मध्यरात्री केसांत दशपुष्पे माळण्याचा विधी होतो. नवविवाहितेच्या पहिल्या तिरुवातिरेचे विशेष कौतुक असते, त्यामुळे मंगळागौरीशी आपण जोडलेले नाते मला अगदी योग्य वाटते.

नृत्याचा बाज मात्र निराळा आहे. झिम्मा-फुगडीतला दणका इथे नाही. सोनेरी काठाचे पांढरे मुंडु-नेरियतु नेसलेल्या आठ-दहा जणी नीलविळक्कु या उभ्या समईभोवती संथपणे फिरतात. एक जण ओळ गाते, बाकीच्या तीच ओळ उचलतात, आणि त्या ओळीच्या तालावर कमरेत वाकून खाली एक टाळी, उभे राहताना वर दुसरी, असे चालते. सुरुवात गणपती-सरस्वतीच्या स्तवनाने होते आणि शेवट मंगलम या समारोपाच्या मंगलगीताने. मधला कुम्मी नावाचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण तिथे लय चढते आणि टाळ्या दाट होत जातात. ‘वीर विराट कुमार विभो’ ही प्रसिद्ध कुम्मी इरयिम्मन तंपी (1782–1856) यांच्या ‘उत्तरास्वयंवरम्’ या कथकळीसाठी लिहिलेल्या काव्यातली आहे. म्हणजे पुरुषांच्या रंगभूमीवरचे पद स्त्रियांनी अंगणात आणले आणि आपलेसे केले.

तमिळनाडूतली कुम्मी व टिपऱ्यांचा कोलाट्टम आणि तेलंगणातली बतुकम्मा यांतही स्त्रिया अशाच फेर धरून गातात.

आज शालेय कलोत्सवात तिरुवातिराकळीच्या स्पर्धा होतात, आणि मैदानावर हजारो स्त्रियांना एकत्र नाचवण्याचे उपक्रमही झाले आहेत. त्यामुळे नव्या मुली शिकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु जिथे ध्वनिमुद्रित गाणे लावून केवळ हालचाली केल्या जातात, तिथे ओळ उचलून गाणेच उरत नाही, आणि माझ्या मते या प्रकाराचा अर्धा जीव त्या गाण्यात आहे. म्हणून आपणास तो पाहायचाच असेल, तर ओणमाच्या मंचापेक्षा धनु महिन्यात एखाद्या देवळाच्या किंवा घराच्या अंगणात पाहावा.