घशाशी आंबट येतं, पोट डब्ब होतं आणि सकाळी साफ होत नाही. गोळ्यांशिवाय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की कामावरून यायला उशीर होतो, साडेदहाला जेवता आणि लगेच झोपता. मग छातीत जळजळ, दुपारी गॅस, आणि चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. माझं मेडिकल आहे, काउंटरवर हीच तक्रार रोज ऐकतो. बहुतेक जण या सगळ्याला ‘पित्त’ म्हणतात आणि एक गोळी मागतात. पण हे तीन वेगळे त्रास आहेत. कुठला त्रास कधी होतो याकडे लक्ष दिलंत, तर उपाय सापडायला सोपं जातं.

आधी जळजळ, कारण ती तुमच्या जेवणाच्या वेळेशी बांधलेली दिसते. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं कडं असतं. ते आम्ल वर येऊ देत नाही. भरल्या पोटी आडवं झालं की त्या कड्यावर ताण येतो आणि आंबट पाणी घशाशी येतं. जेवण आणि झोप यांत 3 तास हवेत. तुम्हाला ते जमणार नाही, म्हणून जेवणच विभागा. संध्याकाळी सात वाजता कामावरच पोळी-भाजी खा, घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी पुरे. डाव्या कुशीवर झोपा, त्या बाजूला आम्ल वर चढायला अवघड जातं. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून 15 ते 20 सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. तंबाखू असेल तर तीही सोडा. थंड दुधाने बरं वाटतं, पण थोड्या वेळाने जठर पुन्हा आम्ल सोडतं. पाण्यात फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर असतं. ब्लडप्रेशर असेल तर ती रोज घेऊ नका.

तिखटामुळे अल्सर होतो हा समज अजून घट्ट आहे. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू किंवा पेनकिलरच्या गोळ्या असतात. या जंतूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. कंबरदुखीसाठी रोज पेनकिलर घेणारा माणूस पोट दुखतं म्हणून ओवा चावत बसला, तर त्याला उपयोग होणार नाही. त्याने डॉक्टरांना गाठावं.

गॅसचं निराळं. छोले, राजमा, वाल यांतल्या काही शर्करा पचवायला लागणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवून पाणी टाकून द्यायचं, मोड आणायचे, मऊ शिजवायचं. फोडणीला हिंग घालायचा. डाळी-उसळी बंद करू नका, प्रमाण हळूहळू वाढवा. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडत असेल तर दूध थांबवून ताक घेऊन बघा. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्या अनेकांना दही-ताक चालतं.

आता चूर्ण. पाकिटावर सोनामुखी (जुलाबाची वनस्पती) लिहिलंय का ते वाचा. ती आतड्याला चिमटा काढून काम करून घेते. कधीमधी ठीक, पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घ्यायची वस्तू नव्हे. त्याऐवजी इसबगोल रात्री एक-दोन चमचे, भरपूर पाण्यातून. पाणी कमी पडलं तर इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढा धीर धरा. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. सोबत पालेभाजी, पेरू, ज्वारीची भाकरी आणि पुरेसं पाणी. नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हाच दहा मिनिटं बसा. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. आणि लोकल चुकेल म्हणून कळ दाबून निघू नका, बद्धकोष्ठाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, यातलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन थांबू नका, तडक दवाखाना गाठा. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांना घरगुती उपाय नाहीत.

तुम्ही संध्याकाळच्या जेवणापासून सुरुवात करा. दोन आठवडे काय खाल्लं आणि त्रास कधी झाला एवढं लिहून ठेवा. फरक पडला नाही तर ती वही डॉक्टरांना दाखवा, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचंही नाव सांगा, कारण त्यांनीही शौचाला खडा होतो.