आजोबांचं टेबल: भाव मागाहून, आधी वय

प्रश्न : आजोबा सचिवालयात हेडक्लार्क होते. राजधानी नागपुरातून गेल्यावर त्यांनी लिलावात घेतलेलं सागवानी लिहायचं टेबल आमच्या धंतोलीच्या घरी आहे. आजी आधी गेल्या, आजोबा 1988 मध्ये, बाबा 2021 मध्ये. मृत्युपत्र कुणाचंच नाही. इतवारीतला जुन्या फर्निचरचा दुकानदार 'सव्वाशे वर्षांचं आहे' म्हणत 60 हजार देतोय. भावाला ते कॅनडाला न्यायचंय. आत्या हिस्सा मागते. आई आणि मी काय करावं? फोटो पाठवलेत.

उत्तर : ताई, आत्यांचं बरोबर आहे. मुलींना हक्क 2005 पासून, हा समज इथे लागू नाही. टेबल आजोबांच्या कमाईचं. अशा मालमत्तेत 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी बरोबरीची वारस. आजोबांना दोनच मुलं असतील, तर निम्मं आत्यांचं. उरलेल्या निम्म्यात आई, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकी एक षष्ठांश. एकट्याने विकू नका.

खरी मेख भावाच्या बेतात आहे. दुकानदार खरं बोलत असेल, तर शंभर वर्षं ओलांडलेली अशी वस्तू 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते. मग ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. घरसामानात बांधून पाठवली तरी तेच. वय कमी निघालं, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा. त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. देशात मात्र विकता येतं.

आता वय. फोटोत ड्रॉवरच्या तळाला 'सी.पी. अँड बेरार' (म्हणजे तेव्हाचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड) आणि नंबर उमटलेला दिसतो. वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला 1903 मध्ये, म्हणजे शिक्का त्याआधीचा नाही. पण शिक्का जुन्या टेबलावरही मारता येतो. सरकारी होतं, एवढंच तो सांगतो. वय सुताराला विचारा. ड्रॉवरच्या कोपऱ्यातले सांधे हाताने कापलेले, लहानमोठे आहेत का? पाठीला प्लायवूड आहे का? स्क्रूवर चौफुली खाच असेल, तर तो 1930 च्या दशकाआधीचा नाही; अर्थात तो नंतरच्या दुरुस्तीतलाही असू शकतो. आणि पॉलिशवाल्याला लांब ठेवा हो, शिक्काच खरवडून टाकेल.

60 हजार हे मूल्यांकन नव्हे, गिऱ्हाइकाची बोली आहे. ज्याला टेबल घ्यायचं नाही, अशा नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून ठरलेल्या फीवर लेखी अहवाल घ्या; टक्केवारीवर नको. घरात वापरलेल्या फर्निचरच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण 'कलाकृती' ठरलं तर लागतो. तेवढं सीएला विचारा.

मग चौघांनी लेखी ठरवा, कोण ठेवणार आणि बाकीच्यांना किती. जंगम वस्तू आहे, नोंदणी सक्तीची नाही. सरकारी शिक्क्यामुळे लिलावाची पावती मात्र शोधावीच लागेल. मधल्या ड्रॉवरचं कुलूप फोटोत बंद दिसतंय. किल्ली आत्यांकडे आहे का, विचारून बघा.